जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल: साल कसं काढायचं, अस्सल कशी ओळखायची, भाव कसा धरायचा

मिशिगनकर

अमेरिकेतल्या इस्टेट सेलमध्ये, पॉन शॉपमध्ये किंवा गावाकडच्या गन शोमध्ये लिव्हर-ॲक्शन (चापाखालची दांडी खाली-वर करून काडतूस भरायची) रायफल दिसतेच. तीनच नावं पुन्हा पुन्हा भेटतात: विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६ आणि सॅव्हेज ९९. विकणारा "प्री-६४ (१९६४ मध्ये बांधणी बदलली, त्याच्या आधीची) आहे, दुर्मीळ आहे" म्हणतो आणि भाव वाढवतो. खरं तर विंचेस्टर ९४ पंचवीस लाखांहून जास्त तर १९६४ च्या आधीच बनल्या होत्या. त्यामुळे नुसतं प्री-६४ असणं ही दुर्मिळता नाही. दुर्मीळ असते ती न छेडलेली रायफल. हा धागा ते ओळखण्यासाठी काढतोय. सुरुवात विंचेस्टरपासून करतो, मार्लिन आणि सॅव्हेजवर जाणकारांनी भर घालावी.

हातात घेतल्यावर सर्वांत आधी रिकामी आहे का ते बघा. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, बोट चापापासून लांब. लिव्हर पूर्ण खाली ओढून वर करा आणि काडतूस बाहेर पडायचं थांबेपर्यंत हे करत राहा. मग लिव्हर उघडी ठेवून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) करंगळी घाला आणि मॅगझिनच्या (नळीखालची, काडतुसं भरायची दुसरी नळी) तोंडाशी फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकाचा, काडतुसं ढकलणारा तुकडा) दिसतोय का ते पाहा. जुन्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग गंजून अडकते, एखादं काडतूस मध्येच थांबतं आणि नंतर धक्क्याने पुढे येतं. नुसती लिव्हर चालवून थांबू नये ते यासाठी.

सीरियल नंबर रिसीव्हरच्या (यंत्रणा बसते तो मधला धातूचा सांगाडा) पोटाला, लिव्हरच्या पुढच्या बाजूला असतो. ढोबळ खुणा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. दहा लाखावी रायफल १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली, पंधरा लाखावी १९४८ मध्ये ट्रूमन यांना, वीस लाखावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना. १९६४ चं नवं बांधकाम २७,००,००० पासून सुरू होतं. भेटीचे नंबर राखून ठेवत असत, त्यामुळे यावरून दशक कळतं, नेमकं साल नाही. आणि नंबर सांगतो ते फक्त रिसीव्हरचं वय. नळी, दस्ता (खांद्याला टेकणारं लाकूड), बट-प्लेट (दस्त्याच्या टोकाची पट्टी), साइट (नेम धरायची खूण) यांचं वय वेगळं काढावं लागतं. धागा वाचून दुसरं काही राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

दस्ताकार

उत्तम सुरुवात. सालाच्या याद्यांबद्दल एक गोष्ट जोडतो, कारण त्यात पैसे बुडतात.

मॉडेल १८९४ (म्हणजे हीच ९४) च्या सालांच्या दोन परंपरा आहेत. एक जुन्या संग्राहकांच्या पुस्तकांतून आलेली आणि इंटरनेटवर सगळीकडे उतरवलेली. दुसरी कारखान्याच्या पॉलिशिंग रूमच्या नोंदींवरून, म्हणजे रिसीव्हरवर नंबर ठोकला त्या दिवसाची. पहिली यादी सुरुवातीच्या नंबरांना बऱ्याचदा काही वर्षं आधीचं साल देते. एरवी कुणाला फरक पडला नसता, पण अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार "अँटिक" धरतात आणि त्याच्या खरेदी-विक्रीला केंद्रीय कायद्याची बरीच बंधनं नाहीत. विकणारा पहिली यादी दाखवून "१८९८ ची आहे" म्हणतो, कारखान्याची नोंद १९०० नंतरची निघते, आणि मग व्यवहारही बेकायदा आणि जास्तीचा भावही गेला. राज्यांचे कायदे आणखी वेगळे.

खात्री हवी तर वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बफलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमधल्या फायरआर्म्स म्युझियमकडून फॅक्टरी लेटर (कारखान्याच्या नोंदींचं पत्र) मागवा. मॉडेल १८९४ साठी त्यांच्याकडे १ ते ३,५३,९९९ एवढ्या नंबरांच्या नोंदी आहेत. त्यात कॅलिबर, नळी गोल की अष्टकोनी, चाप साधा की सेट (आधी ताणून हलका करायचा), गोदामात कधी आली, कधी पाठवली हे मिळतं. त्यापुढच्या नंबरांसाठी पत्र मिळत नाही, तिथे भागांवरूनच वाचायचं.

टेकडीवरून

माझा प्रश्न थेट एका रायफलीबद्दल आहे, माहिती देतो.

विंचेस्टर ९४ कार्बाईन (आखूड रायफल), नळी २० इंच, काडतूस .३०-३०. सीरियल १२ लाखांच्या थोडा पुढे. पुढची साइट नळीवरच्या छोट्या ठोकळ्यावर आहे, रॅम्प (साइटखालचा चढता आधार) नाही. बट-प्लेट पोलादी, त्यावर चौकड्या. रिसीव्हरच्या माथ्यावर दोन भोकं, मागे डाव्या बाजूला दोन भोकं, सगळ्यांत स्क्रू भरलेले. रिसीव्हरची निळाई (पोलादावरचा निळा-काळा थर) खूप चांगली, नळी मात्र तपकिरी. टँगमागे (रिसीव्हरची दस्त्यात शिरणारी शेपटी) दस्त्याला केसासारखी चीर. विकणारा ११०० डॉलर सांगतो. अस्सल आहे का, एवढे द्यावेत का?

दस्ताकार

@टेकडीवरून, तुमच्या वर्णनातच अर्ध उत्तर आहे.

१) पुढची साइट. कार्बाईनवर रॅम्पची साइट १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. १२ लाखांच्या पुढचा रिसीव्हर त्यानंतरचा. मग रॅम्प नसलेली नळी का? विंचेस्टर जुने भाग वाया घालवत नसे, एक-दोन वर्षांची सरमिसळ अस्सल रायफलीतही दिसते. दहा वर्षांची दिसत नाही.

२) नळी आणि रिसीव्हर एकमेकांना भिडतात तिथे माथ्यावर दोन्हीकडे लंबगोलात डब्ल्यू आणि पी एकमेकांत गुंफलेली प्रूफ खूण हवी. ती १९०५ पासून ठोकत. नळीवर लंबगोलात नुसता पी असेल तर ती नळी सुटी, टपालाने विकलेली. म्हणजे कुणीतरी बदलली.

३) पुढचं लाकूड काढून नळीचं पोट बघा. रिसीव्हरजवळ बहुतेक वेळा सालाचे दोन आकडे असतात. त्यासाठी नळी आणि मॅगझिन बांधणाऱ्या पुढच्या पट्टीचा आणि मधल्या पट्टीचा स्क्रू पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो नळी आणि मॅगझिन यांच्या खाचेतून आडवा जातो. अर्धवट सैल करून पट्टी ठोकलीत तर स्क्रू वाकतो आणि नळीवर ओरखडा येतो. मग मॅगझिनच्या टोकाच्या बुचाचा स्क्रू काढा. आत स्प्रिंग दाबलेली असते, बुचावर अंगठा ठेवूनच काढायचा. मॅगझिनची नळी पुढे ओढली की लाकूड सुटतं. घरातला निमुळत्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. तो खाचेच्या वरच्या कडेवरच टेकतो आणि कड चिरडतो. सरळ भिंतीचं, खाचेत गच्च बसणारं पातं लागतं.

४) रिसीव्हर चांगला, नळी तपकिरी: हे उलटं आहे. साधारण १९३९ च्या आधी नळीची निळाई गंज चढवून करत आणि ती टिकते. रिसीव्हरची निळाई वेगळ्या पद्धतीची आणि पोलादही वेगळं, म्हणून ती पापुद्र्यांनी सुटून रिसीव्हर चांदीसारखा करडा होतो. त्या काळातल्या खऱ्या रायफलीत नळी निळी आणि रिसीव्हर उघडा पडलेला असतो. इथे रिसीव्हर पुन्हा निळा केलाय असं मी धरून चालेन. स्क्रूच्या भोकांच्या कडा नखाने चाचपा. पॉलिशच्या चाकाने त्या बशीसारख्या खोलगट होतात. अक्षरांचे कोपरे, रिसीव्हरच्या खालच्या कडा गोलसर झाल्या असतील तर शंकाच नको.

मिशिगनकर

भोकांबद्दल. मागे डाव्या बाजूची दोन भोकं आपोआप दोष नाहीत. १९५० च्या दशकात पीप साइटसाठी (बारीक भोकातून बघायची साइट) ती कारखान्यातच पाडून देऊ लागले. पण तुमचा रिसीव्हर त्याआधीचा, म्हणजे ती नंतरची. माथ्यावरची तर शंभर टक्के नंतरची, कारण त्या काळातली ९४ रिकामं काडतूस वरूनच फेकते आणि कारखाना तिथे दुर्बीण बसवत नसे. बाजूला फेकणारी रचना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. परीक्षा सोपी आहे: बुजवलेला स्क्रू काढून आट्यांमध्ये टॉर्च मारा. कारखान्याचं भोक निळाईच्या आधीचं असतं, आटे काळपट दिसतात. नंतरच्या भोकाचे आटे चकाकतात. अर्थात, पुन्हा निळी केलेल्या रायफलीत हा पुरावा पुसला जातो.

माथ्यावरच्या दोन भोकांनी संग्राहकाच्या लेखी किंमत जवळपास निम्मी होते. शिकाऱ्याला काही फरक पडत नाही.

कोकणकडा

मार्लिनवर लिहितो, कारण तिचं साल काढणं सगळ्यांत सोपं आहे आणि तरीही लोक चुकीचं सांगतात.

३३६ आली १९४८ मध्ये. त्या वेळी नंबराच्या आधी एक अक्षर असे: ई म्हणजे १९४८, मग एफ १९४९, जी ५०, एच ५१, जे ५२, के ५३, एल ५४, एम ५५, एन ५६, पी ५७, आर ५८, एस ५९. आय, ओ आणि क्यू वगळलेत, कारण ते आकड्यांशी गल्लत करतात. १९६९ ते १९७२ मध्ये नंबराचे पहिले दोन आकडे हेच साल. १९७३ पासून उलटा हिशेब: २००० मधून पहिले दोन आकडे वजा करा. २७ ने सुरू होणारी १९७३ ची, १८ ने सुरू होणारी १९८२ ची. २००१ पासून २१०० मधून वजा करा, म्हणजे ९५ ने सुरू होणारी २००५ ची.

लोक गंडतात ते ७१ आणि ७२ वर. उलट्या हिशेबाने ७१ म्हणजे २०२९ येतं, तेव्हा ती सरळ १९७१ ची समजा. हिशेबावर विसंबायचं नसेल तर रिसीव्हरवरचं आडवं सेफ्टी बटण बघा. ते १९८३ पासून. बटण नाही म्हणजे त्याआधीची.

नळीवर रिसीव्हरजवळ जेएम खूण असेल तर ती कनेक्टिकटमधल्या जुन्या मार्लिनची. आरईपी असेल तर रेमिंग्टनच्या काळातली, म्हणजे जुनी नव्हेच. आरएम ने सुरू होणारा नंबर रुगरचा, म्हणजे रेमिंग्टननंतर मार्लिन ज्या कंपनीकडे गेली तिचा. रेमिंग्टनच्या ताब्यातल्या पहिल्या काही वर्षांच्या रायफलींवर जेएम नळ्या दिसतात, म्हणून फक्त खुणेवर जाऊ नका, नंबरही वाचा.

नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खोबणींबद्दल: १९५६ पासून .३०-३० मध्ये मायक्रो-ग्रूव्ह आलं, म्हणजे बऱ्याच उथळ खोबणी. त्याआधीच्या कमी आणि खोल. शिशाची ओतीव गोळी झाडणारे जुन्या खोबणींना जास्त पैसे देतात. कॅलिबरमध्ये .२१९ झिपर ही १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात थोडीच बनली. ती दिसली तर हातची सोडू नका.

बिघाड एकच वारंवार भेटतो. लिव्हरची पुढची कड कॅरिअरच्या (काडतूस उचलून चेंबरसमोर आणणारा भाग) पोटावर घासून खाच पाडते. मग कॅरिअर वेळेवर खाली बसत नाही, दुसरं काडतूस त्याच्याखाली सरकतं आणि सगळं आवळून बसतं. लिव्हर अर्ध्यावर अडते. विकत घेताना कॅरिअरचं पोट टॉर्चने बघा. खाच कोवळी असेल तर लिव्हरची कड गोलसर करून आणि कॅरिअरवर धातू भरून काम होतं. जोर लावून लिव्हर ओढणं हा उपाय नाही, त्याने कॅरिअर वाकतो.

उंबरठा

सॅव्हेज ९९ बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आर्थर सॅव्हेज यांची ही रचना वरच्या दोघींहून वेगळी. बाहेर घोडा नाही, आणि नळीतल्या मॅगझिनऐवजी रिसीव्हरच्या आत फिरतं मॅगझिन. फायदा असा की टोकदार गोळी चालते. नळीच्या मॅगझिनमध्ये एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (ठोका बसला की पेटणारी बुडाची टिकली) टेकतं, म्हणून .३०-३० ला सपाट नाकाची गोळी लागते.

साल काढायचं तर नळीवरचा पत्ता वाचा. युटिका, न्यूयॉर्क असेल तर दुसऱ्या महायुद्धापर्यंतची. चिकोपी फॉल्स असेल तर १९४६ ते १९६० च्या सुमाराची. वेस्टफील्ड असेल तर त्यानंतरची. मग लिव्हर जिथे फिरते त्या गोलाईवर भिंगाने बघा. बारीक लंबगोलात एक आकडा आणि एक अक्षर ठोकलेलं असतं. आकडा तपासनिसाचा, अक्षर सालाचं: ए म्हणजे १९४९, बी १९५०, असं पुढे. इथे ओ आणि क्यू वगळलेत, त्यामुळे एन १९६२ आणि पी १९६३. एक्स १९७० वर ही पद्धत संपते. तेलाच्या थराखाली ही खूण दिसत नाही, आधी मऊ फडक्याने पुसा.

जुन्यांच्या दस्त्यावर बट-प्लेटच्या आत नंबर असतो. तो रिसीव्हरशी जुळला तर लाकूड मूळचं. जुळणारं लाकूड आणि डाव्या बाजूच्या छोट्या खिडकीत काडतुसांचा आकडा नीट सरकणं, या दोन गोष्टी मी पहिल्यांदा बघतो.

ठरलेला दोष म्हणजे रिसीव्हरच्या मागे दस्त्याला चिरा. दस्ता लांब बोल्टने धरलेला असतो. लाकूड सुकून आकसतं, बोल्ट ढिला पडतो, आणि प्रत्येक बाराला रिसीव्हरची मागची कड लाकडात पाचर मारते. नवी घेतली की बट-प्लेट काढून लांब पात्याने बोल्ट हलकेच आवळून बघा. कॅलिबरमध्ये .२५०-३००० आणि .२२ हाय-पॉवरला .३०० सॅव्हेजपेक्षा जास्त गिऱ्हाईक.

अंगणातला_पिंपळ

इकडे सांगली जिल्ह्यात एका कुटुंबात जुनी विंचेस्टर १८९२ आहे, परवाना आजोबांच्या नावावर. ते गेले. "अँटिक म्हणजे परवाना लागत नाही" असं कुणीतरी सांगितलंय. खरं का?

दस्ताकार

नाही. अमेरिकेतली १८९८ ची रेघ भारतात चालत नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती जुन्या घडणीच्या किंवा पुराणमूल्य असलेल्या अशाच हत्याराला, जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. मॉडेल १८९२ चालू स्थितीत असते किंवा करता येते, म्हणजे परवाना हवाच. परवानाधारक गेल्यावर ती घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्या दोनांतच मोजतात. जमा करण्याआधी नंबर, प्रूफ खुणा आणि दस्त्याचे फोटो काढून ठेवा आणि पावतीवर नंबर नीट उतरवून घ्या.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठीही एक: ग्रीन कार्ड असेल तर खरेदी करता येते, पण एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असल्यास त्याला अपवाद आहे. इस्टेट सेलमध्ये उत्साहात हातात पैसे देण्याआधी हे बघा.

कोकणकडा

१९६४ नंतरच्या ९४ ची एवढी निंदा होते, ती सगळी रास्त नाही असं माझं मत आहे. त्या चांगल्या चालतात. पत्र्याचा कॅरिअर आणि पोकळ पिना दिसायला स्वस्त, कामाला पुरेशा, आणि पुढच्या काही वर्षांत कारखान्याने त्यात सुधारणाही केल्या.

दस्ताकार

चालण्याबद्दल वाद नाही. अडचण निळाईची. त्या रिसीव्हरचा धातू असा आहे की नेहमीच्या गरम क्षारांच्या कढईत तो निळा होत नाही. जांभळा, तांबूस किंवा डागाळलेला निघतो. म्हणून गंजलेला १९७० चा रिसीव्हर "स्वस्तात घेऊ, निळा करून घेऊ" म्हणून घेऊ नये. आधीच्या पोलादी रिसीव्हरला हा प्रश्न सहसा येत नाही.

स्मरणार्थ काढलेल्या आवृत्त्यांबद्दलही सांगून टाकतो. १९६६ ची सेंटेनियल आणि १९६८ ची बफलो बिल, दोन्ही लाखाच्या वर बनल्या. सोनेरी मुलामा आणि नक्षी बघून लोक हुरळतात. मूळ खोका, कागद आणि न झाडलेली अवस्था, तिन्ही असेल तरच संग्राहक विचारतो. एकदा झाडली की ती साध्या रायफलीच्या भावात येते.

उलट बाजूने, ज्यांचं मोल खरंच वाढतं अशा सैनिकी खुणांच्या. १९१८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या स्प्रूस लाकूडतोड विभागासाठी घेतलेल्या कार्बाईनवर ज्वाळेच्या बॉम्बची आणि यू.एस. खूण असते. कॅनडाच्या पॅसिफिक कोस्ट मिलिशिया रेंजर्सच्या कार्बाईनवर सी च्या आत बाण. दोन्ही खुणा ठोकायला सोप्या, म्हणून नकलाही पुष्कळ. खूण जुन्या निळाईच्या खाली आहे की निळाई फोडून वर बसलीय, हे भिंगाखाली बघा. ठोकल्यामुळे वर आलेला धातूचा ओठ जुन्या रायफलीत हाताळून झिजलेला असतो, नव्या ठशात बोटाला टोचतो.

उंबरठा

साफसफाईवर वाद होईल, तरी विचारतो. तपकिरी नळीवर अगदी बारीक पोलादी लोकर आणि तेल चालतं का?

दस्ताकार

माझं मत: नको. लाल, भुकटीसारखा सुटणारा गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि पितळी लोकरीने त्या जागेपुरतंच घासा. बसलेला तपकिरी थर तसाच राहू द्या. तो काढला की खालची उरलेली निळाईही जाते आणि चकाकी लांबूनही ओळखू येते. दस्ता सँडपेपरने घासू नका. लाकूड पोलादाच्या पातळीखाली गेलं की कुणीतरी घासलंय हे जाणकार बोट फिरवून सांगतो.

टेकडीवरून

पुढचं लाकूड काढून बघितलं. नळीखाली २६, माथ्यावर नुसता लंबगोल पी. रिसीव्हरवर डब्ल्यूपी आहे. नळी आतून चकचकीत, खोबणी धारदार. आता ११०० ला काय म्हणू?

मिशिगनकर

नळी १९२६ ची, सुटी विकलेली, नंतर या रिसीव्हरवर बसवलेली. त्यात माथ्यावर भोकं, रिसीव्हर पुन्हा निळा, दस्त्याला चीर. संग्राहकाची किंमत संपली, शिकाऱ्याची रायफल उरली. १९५० च्या दशकातली न छेडलेली, चांगल्या नळीची .३०-३० कार्बाईन सध्या साधारण ८०० ते १२०० डॉलरला जाताना दिसते. ही त्याच्या निम्म्यात बसते. ४५० ते ५०० च्या वर जाऊ नका. भाव करताना दुकानावर लावलेल्या किमती दाखवू नका. लिलावात प्रत्यक्ष विकलेल्या, याच अवस्थेतल्या रायफलींचे आकडे दाखवा आणि खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन त्यात धरलंय का ते बघा.

घेतलीत तर झाडण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधलं काडतूस यांच्यातली मोकळीक) मोजून घ्या. नळी बदललेली असल्यामुळे हे ऐच्छिक नाही. बोल्टच्या मागे उभा सरकणारा लॉकिंग ब्लॉक लिव्हर बंद केल्यावर पूर्ण वर येतो का तेही त्याला बघायला सांगा.

आणि जुन्या .३८-५५ वाल्यांनी एक नक्की वाचा: .३७५ विंचेस्टरचं काडतूस तुमच्या चेंबरमध्ये बसू शकतं. ते १९७८ चं, कितीतरी जास्त दाबाचं आहे. जुन्या नळीत ते कधीही घालू नका.

टेकडीवरून

धन्यवाद. ४५० सांगतो, नाही म्हणाला तर सोडून देतो. चिरेसाठी दस्ता काढावा लागेल का?

दस्ताकार

हो. टँगचा स्क्रू काढून दस्ता सरळ मागे ओढा, वरखाली हलवू नका, त्याने चीर लांबते. आतलं लाकूड तेलाने काळं झालं असेल तर आधी खडूची पूड आणि स्पिरिट यांचा लेप लावून तेल ओढून घ्या, नाहीतर गोंद धरत नाही. मग पातळ इपॉक्सी चिरेत ओतून रबरी पट्टीने आवळा आणि पूर्ण सुकू द्या. परत बसवताना टँगच्या मागच्या टोकाशी लाकडाला कागदाच्या जाडीएवढी फट ठेवा. ती फट नसल्यामुळेच मुळात चीर पडते.